बोदल बेटाची स्थळपाहणी

धनलालजी बिसेन यांनी चौतीस वर्षं मोजणी खात्यात जमिनी मोजल्या, पण समुद्र म्हणून कधी पाहिला नाही. तिरोड्याहून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच, आणि जी वस्तू मोजून तिच्या चार कोपऱ्यांवर दगड रोवता येत नाहीत ती पाहायला जायचं कशाला, असं त्यांचं मत होतं. अशा माणसाने सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, एकाच आठवड्यात, अकरा वेळा समुद्रात बुडून मरावं, हे त्यांच्या पत्रिकेतसुद्धा नव्हतं. पत्रिका त्यांनी स्वतः तपासलेली होती. तीत दोन चुका निघाल्या होत्या.

सुरुवात राईस मिलवाल्या दुर्गाप्रसादजींनी केली. ते बाजारात भेटले आणि लांबूनच ओरडले, "बिसेनजी, बधाई हो! आपकी बिटिया ने टापू बनाया है!"

"कुठं?"

"कम्प्यूटर में."

"म्हणजे नाही बनवला."

"अरे, पूरी दुनिया घूम रही है उस पर! मेरी भतीजी रायपुर से रोज जाती है. कहती है, उसमें आपका मकान है. हूबहू! आम का पेड़, नीला फाटक, सब."

प्रकार असा होता. एका परदेशी व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्या हौशी माणसांना स्वतःचा नकाशा रचायची सोय असते. कोणी बर्फाचा डोंगर रचतो, कोणी भुताचा वाडा. रविताने, म्हणजे धनलालजींच्या एकुलत्या एक मुलीने, हैदराबादला नोकरी सांभाळून एक उष्ण प्रदेशातलं बेट रचलं होतं. नारळ, निळं पाणी, डोंगर, शार्क मासे. नाव ठेवलं होतं 'बोदल', आपल्या बोदलकसा तलावावरून. जगभरातले लोक तिथं हिंडत होते आणि त्या नावाचा उच्चार बोडाल, बुदेल, बोडॅल असा ज्याला जमेल तसा करत होते.

धनलालजींना पहिला राग आला तो परवानगीचा. घर त्यांच्या नावावर. ना अर्ज, ना विचारणा, आणि घर नेऊन ठेवलं समुद्रात. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी हललं, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. रविता चौदा महिने त्यांच्याशी बोललेली नव्हती. आईला ती रोज दुपारी फोन करायची. मागे बाबांचा खोकला ऐकू आला की म्हणायची, "ठेवते आई." मग तिने घर कायले रचलं असेल? आठवण आल्याशिवाय कोणी फाटकाचा रंग जुळवतो का?

"स्थळपाहणी करावी लागेल," ते घरी येऊन बायकोला म्हणाले.

मंजूताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कायले जाता तिकडं?" एवढंच म्हणाल्या. तेव्हाच त्यांचं ऐकायला हवं होतं. पण मोजणी खात्यात गेलेला माणूस बायकोचं म्हणणं हरकत म्हणून नोंदवतो आणि पुढं मोजत राहतो.

रविताचा जुना कॉम्प्युटर तिच्या खोलीत चादरीखाली होता आणि चादरीवर पापड वाळत होते. पापड हलले. खेळ उतरवून घ्यायला पावणेदोन दिवस लागले, कारण वीज तीनदा गेली. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या ज्याच्या गच्चीवरून दिसतात त्याच्याकडे वीज जावी, हा अपमान धनलालजी फार वर्षांपासून गिळत आले होते. तोही गिळून त्यांनी खाते उघडायचा फॉर्म भरायला घेतला. आणि जन्मसाल निवडताना माऊस घसरला. खेळाच्या दप्तरी त्यांचा जन्म दोन हजार सोळा साली झाला.

पडद्यावर सूचना आली की आपण अज्ञान आहात, पालकाची परवानगी आणा.

नोकरीत असताना धनलालजींनी नावात एक काना जास्त आहे म्हणून लोकांना कामठ्याहून तीनतीनदा बोलावलं होतं. एका म्हातारीला तर, ती जिवंत असल्याचा कागद नाही म्हणून, तिच्यासमोरच मयत धरलं होतं. आता ते स्वतः कागद घेऊन ऑनलाइन केंद्रावर गेले. केंद्र चालवणारी चेतना त्यांचा फॉर्म बघून बराच वेळ खाली वाकून प्रिंटर दुरुस्त करत राहिली. प्रिंटरला काही झालं नव्हतं.

"काकाजी, साल दुरुस्तीला ओळखपत्र पाठवा लागते. ते तपासतील, मग दोन महिने. पालकाची परवानगी मात्र आत्ता होते."

"माझे पालक?"

"कोणी आहे का?"

होत्या. शांतीबाई, वय शहाऐंशी, धनलालजींच्या आई. चेतना संध्याकाळी घरी आली, त्यांच्या नावाने ईमेल काढला आणि एकेक प्रश्न वाचून दाखवू लागली. शांतीबाईंना सरकारी माणूस आल्यासारखं वाटलं. त्यांनी डोक्यावरून पदर नीट घेतला.

"आजी, पोराला खेळू द्यायचं का?"

"कोन कोन येतेत तेथी? दारूगिरू पेतेत का?"

"ते लिहिलं नाही. अनोळखी लोकांशी बोलू द्यायचं?"

"नाई. अनोळख्याशी काऊन बोलाचं?"

"दिवसाला किती वेळ?"

"एक घंटा. डोरे खराब होतेत पोराचे."

"आई!" धनलालजी म्हणाले.

"चूप. मोठ्यायच्या मधात बोलू नोको."

चेतनाने नोंद केली. त्या दिवसापासून एकोणसाठ वर्षांच्या धनलालजींना रोज एकच तास बेटावर जाता येई, आणि तिथं कोणाशी एक अक्षर लिहिता येत नसे. लहान मुलांसाठी तीन खुणा तेवढ्या मोकळ्या होत्या. हात हलवणं, टाळ्या वाजवणं आणि नाचणं.

पहिला आठवडा बुडण्यात गेला. खेळातला त्यांचा माणूस फुलांच्या शर्टातला, अर्ध्या चड्डीतला, दंडाला बेटकुळ्या असलेला होता. तो पुढं जा म्हटलं की समुद्रात जाई आणि मागं ये म्हटलं की आणखी आत जाई. दुर्गाप्रसादजी रोज सकाळी अकराला चहाच्या वेळी खुर्ची ओढून बसत आणि हिंदीत सल्ले देत. "बायें! बायें! शार्क! गये." शेजारच्या सुलोचनाबाई कढीपत्ता मागायला म्हणून येत आणि तास संपेपर्यंत उभ्या राहत. त्यांचा सल्ला एकच होता. "हनुमानजीचं नाव घ्या नं भाऊजी." घेतलं. शार्क परदेशी होता.

आठव्या दिवशी मात्र धनलालजींना पाय फुटले, आणि त्यांनी कोणत्याही शहाण्या माणसाने केलं नसतं ते केलं. त्यांनी बेट मोजलं. किनाऱ्याकिनाऱ्याने पावलं मोजत फेरी मारली. चार हजार दोनशे बारा पावलं. टेबलावर कागद अंथरून, उत्तर वर धरून, शाईने नकाशा काढला. त्यांना चुका सापडायला हव्या होत्या, आणि सापडेनात. ओढा उताराकडेच वाहत होता. सूर्य जिथं मावळायला हवा तिथंच मावळत होता. नारळांच्या मागे, कोणत्याही परदेशी बेटावर नसतात अशा, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती, आणि त्यांच्या धुऱ्या, मधले बांध, उताराला बरोबर आडव्या. बांधीत सारसांची जोडी उभी होती. धनलालजींचा हात थांबला. लहानपणी सुट्टीत रविता त्यांच्याबरोबर शेतांवर यायची आणि मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरून उन्हात उभी राहायची. तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोरगी कंटाळली आहे.

"पोरीनं काम पक्कं केलं आहे," ते म्हणाले. दुर्गाप्रसादजींनी चहाचा कप खाली ठेवला. बिसेनजींच्या तोंडून कोणाचं काम पक्कं असल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दहाव्या दिवशी घर सापडलं. निळं फाटक, आंबा, बोअरिंगचा हापसा. ओसरीत बाजेवर शांतीबाई. जवळ जाऊन बटण दाबलं की म्हणायच्या, "जेवला का?" हापशाजवळ मंजूताई. त्या म्हणायच्या, "आलास? हात धुऊन घे." तिथं त्या वेळी एक यंत्रमानव, एक पंख असलेली बाई आणि डोक्याच्या जागी केळं असलेला एक इसम उभे होते, आणि तिघेही मुकाट्याने हात धुत होते.

"आमचं घर काऊन नाई?" सुलोचनाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"तुमच्या जागी समुद्र आहे," धनलालजी म्हणाले. दोन घरांमधल्या भिंतीच्या वादात बावीस वर्षांनी निकाल लागल्यासारखं समाधान त्यांच्या आवाजात होतं. सुलोचनाबाई कढीपत्ता न घेता गेल्या.

धनलालजींनी आपल्याला शोधलं. ओसरीत नव्हते. आतल्या खोलीत, न्हाणीत, गच्चीवर, कुठंच नव्हते. फक्त ओसरीतल्या खुंटीला त्यांची कचेरीची काळी बॅग टांगलेली होती. बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'कुलूप आहे.'

खऱ्या मंजूताई खोलीच्या दारात उभ्या होत्या. बॅग दिसताच त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथून भांड्यांचा आवाज जरा जास्त येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी घरामागच्या वाटेने ते डोंगर चढू लागले. वळणावर फाटक लागलं. फाटकापुढे टेबल, टेबलावर फायलींची चळत, आणि चळतीमागे सफारी घातलेला, चष्म्याला दोरी लावलेला एक माणूस. पाटी होती, 'डी. बी. साहेब.' पुढं रांग होती. केळ्याच्या डोक्याचा इसम रांगेत पहिला होता. त्याने काहीतरी विचारलं, आणि साहेब म्हणाले, "कागद अपुरे आहेत. सोमवारी या." खाली इंग्रजी भाषांतर उमटलं. केळेवाल्याने खिशातून नारळ काढला आणि साहेबांच्या डोक्यात घातला. टण्ण आवाज झाला. साहेब खोकले आणि म्हणाले, "शिस्त पाळा." रांगेतल्या सगळ्यांनी नारळ काढले.

दुर्गाप्रसादजी खुर्चीवरून घसरले. "खाँसी भी! बिसेनजी, खाँसी भी वही है!" सुलोचनाबाई कालचा राग विसरून परत आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी काढत होत्या.

धनलालजी हसत नव्हते. त्यांचं लक्ष आवाजाकडे होतं. आवाज पुरुषी वाटावा म्हणून जाड केलेला होता, पण रविताचा होता. ती लहानपणी आईला हसवायला बाबांची नक्कल करायची, तीच ही. चौदा महिन्यांनी त्यांनी मुलीचा आवाज ऐकला, तो असा. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्याच्यानं काही होणार नाही."

तास संपला. पडदा काळा झाला.

"तुले माहीत होतं?" पाहुणे गेल्यावर त्यांनी मंजूताईंना विचारलं.

"दिवाळीपासून."

"सांगितलं नाही?"

"विचारलं तुम्ही? ती काय करते, कशी राहते, कधी विचारलं?" मंजूताईंनी ताट वाढलं आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर न बसता आत जाऊन जेवल्या.

आता खरं तर खेळ बंद करायचा. पण धनलालजींचा एक विश्वास होता की कागद पुरे केले तर काम होतंच. नोकरीभर त्यांनी तो लोकांना ऐकवला होता. बेटावर साहेबांना लागणारे कागद जागोजागी लपवलेले होते. रहिवासी दाखला शार्कच्या गुहेत. चारित्र्याचा दाखला धबधब्याच्या मागे. नारळ न चोरल्याचं प्रतिज्ञापत्र माकडाकडे, आणि माकड ते दुपारी जेवणानंतरच द्यायचं. नऊ दिवस, रोज एक तास, धनलालजी कागद गोळा करत हिंडले. नऊ कागद घेऊन ते रांगेत उभे राहिले. साहेबांनी सगळे पाहिले. एकेक शिक्का उजेडात धरून तपासला. मग म्हणाले, "वडिलांची सही नाही."

पडद्यावर तयार प्रश्न होते, त्यांवर फक्त बटण दाबायचं. सही कुठं मिळेल? "बॅगेत." बॅगेला कुलूप आहे. "किल्ली माझ्याकडे." मग द्या. "कागद अपुरे आहेत. सोमवारी या."

यापुढे स्वतःचं काही लिहून विचारण्याची धनलालजींना सोय नव्हती. त्यांनी चुकून तिसरं बटण दाबलं, आणि फुलांच्या शर्टातला माणूस साहेबांपुढे नाचू लागला.

दुर्गाप्रसादजी म्हणाले, "ये तो नाइंसाफी है. सही आएगी कहाँ से?" आणि चहा संपवून निघून गेले. त्यांना माहीत नव्हतं. तिरोड्यात चार माणसांना माहीत होतं, आणि त्यांतली एक हैदराबादला गेली होती.

रविताला चित्रं आणि आराखडे शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेत प्रवेश मिळाला होता. फॉर्मवर वडिलांची सही हवी होती. तिने तलाठी परीक्षेचा अर्ज भरावा असं धनलालजींचं म्हणणं होतं. त्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणणं त्यांच्या खात्यात बसत नव्हतं. त्यांनी फॉर्म घेतला, "वाचून देतो" म्हणाले आणि काळ्या बॅगेत ठेवला. तिने सोमवारी विचारलं, ते म्हणाले एक कागद कमी दिसतो. पुढच्या सोमवारी म्हणाले, बघू. तिसऱ्या सोमवारी शेवटची तारीख होऊन गेलेली होती. ती रडली तेव्हा ते म्हणाले होते, "तुझ्याच्यानं काही होणार नाही." तेच वाक्य आता बेटावर ब्राझीलपासून जपानपर्यंतच्या लोकांना भाषांतरासह ऐकू येत होतं. शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलं होतं की फॉर्म टपालात गहाळ झाला.

असं सगळं समोर आल्यावर माणसाने काय करावं? धनलालजींनी तक्रार अर्ज केला. विषय: माझ्या व्यक्तिमत्त्वाचा विनापरवाना वापर व नारळाने होणारी मानहानी. चेतनाने तो इंग्रजीत टाइप करून खेळाच्या कंपनीला पाठवला. उत्तर दोन मिनिटांत आलं. कोणा माणसाने लिहिल्यासारखं ते नव्हतं. त्यात लिहिलं होतं की नकाशाबद्दलची तक्रार नकाशा करणाऱ्याकडेच करावी.

म्हणून त्यांनी फोन लावला. दुपारी, मंजूताईंच्या मोबाइलवरून. आपल्या नंबरवरून लावला तर ती उचलणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

"हो आई."

"मी बोलून राहिलो."

तिने फोन ठेवला नाही.

"ते बेट पाहिलं मी," धनलालजी म्हणाले. "मोजलं. चार हजार दोनशे बारा पावलं."

"बाबा, तुम्ही खेळलात?"

"स्थळपाहणी केली. धुऱ्या बरोबर आहेत. ओढा बरोबर आहे." ते थांबले. फॉर्मचं बोलायची हीच जागा होती. शब्द तोंडात आले होते, त्यांना चव होती. पण चौतीस वर्षं ज्या जिभेने फक्त त्रुटी सांगितल्या ती वळायची तिकडेच वळली. "तो टेबलावरचा माणूस चुकीचा आहे. मी चष्म्याला दोरी लावत नाही."

"बरं."

"लोक नारळ मारून राहिले त्याला. दुर्गाप्रसाद हसते. सुलोचनाबाई हसते. माझी या गावात काही किंमत आहे की नाही?"

"मग काय करू?"

"काढून टाक."

"काढू? नक्की?"

"लेखी देऊ का?"

"नको," रविता म्हणाली. ती अजून थांबली होती. तिच्या मागे कुठंतरी पंखा घरघरत होता. मग ती म्हणाली, "काढते." आणि फोन ठेवला.

मंजूताईंनी मोबाइल परत घेतला आणि पदराने पुसला.

दुसऱ्या दिवशी अकराला धनलालजी बेटावर गेले. दुर्गाप्रसादजी गोंदियाला गेले होते, सुलोचनाबाई लग्नाला. खोलीत कोणी पाहायला नव्हतं. ते निळ्या फाटकातून आत गेले. शांतीबाईंनी विचारलं, "जेवला का?" मंजूताई म्हणाल्या, "आलास? हात धुऊन घे." ओसरीतली खुंटी रिकामी होती. त्यांनी जवळ जाऊन बटण दाबलं. काहीच आलं नाही. कुलूप असल्याचंसुद्धा नाही.

डोंगराच्या वळणावर फाटक नव्हतं. टेबल नव्हतं. पाटी, फायली, रांग, काही नव्हतं. जिथं टेबल होतं तिथं गवत उगवलं होतं, तेही काम पक्कं, आजूबाजूच्या गवताशी रंग जुळवून. त्यांच्या कचेरीत कोणाचाही अर्ज कधी एका दिवसात निकाली निघाला नव्हता. त्यांचा निघाला होता.

वाट मोकळी होती. ते पुढं गेले. इतके दिवस ज्याच्यासाठी लोक रांगेत उभे होते ते पुढं काय आहे ते पाहायला गेले. थोडी चढण, मग एक सपाट खडक, मग समुद्र. यंत्रमानव आला, खडकावरून समुद्र पाहिला आणि उडी मारून गेला. पंखवाली बाई आली आणि गेली. कोणी थांबलं नाही.

धनलालजी परत वळणावर आले. पूर्वी जिथं टेबल होतं ती जागा त्यांनी पावलं मोजून अचूक काढली आणि फुलांच्या शर्टातला आपला माणूस तिथं नेऊन उभा केला, वाटेकडे तोंड करून.

बऱ्याच वेळाने केळ्याच्या डोक्याचा इसम चढण चढून आला. समोर माणूस पाहून तो थांबला. इकडेतिकडे पाहिलं, साहेबांचं टेबल शोधल्यासारखं. मग खिशात हात घालून त्याने नारळ काढला आणि नेम धरून मारला. डोक्यावरच बसला. पडद्याची कड लाल झाली.

बाजूला कसं व्हायचं ते बटण धनलालजींना आता चांगलं माहीत होतं. त्यांनी हात माऊसवरून काढून मांडीवर ठेवले. केळेवाला दुसरा नारळ काढत होता.